वकट, लेंड, मूंड आणि ग्वाल्हेरचा टेसू

दसऱ्याच्या संध्याकाळी आम्ही ग्वाल्हेरला एका मराठी कुटुंबात पाहुणे होतो. सोने देऊन-घेऊन झाले होते. माजघरात पाटावर हत्ती काढलेला होता आणि भोंडल्याचा शेवटचा दिवस म्हणून घरच्या आजींनी खिरापतीचे डबे झाकून ठेवले होते. इतक्यात दाराशी मोठा गलका झाला. आठ-दहा पोरे उभी होती. एकाच्या हातात बांबूच्या तीन काड्यांची तिवई, तिच्यावर मातीचे रंगवलेले तोंड, तोंडाला भरघोस मिशा आणि मधोमध तेवणारी पणती. पोरे मोठमोठ्याने हिंदीत गाणे म्हणत होती. त्यांच्यात सगळ्यात मोठा आवाज होता तो याच घरातल्या नऊ वर्षांच्या नातवाचा. स्वतःच्याच घराच्या दारात उभा राहून तो आजीकडे टेसूसाठी पैसे मागत होता!

आजींनी त्याच्या हातावर नाणे ठेवले. पोरे पुढच्या दाराकडे वळली. मग आजी आत आल्या, पाटाभोवती जमलेल्या मुलींचे हात एकमेकींच्या हातात दिले आणि मराठीत गाणे सुरू केले. त्या मुलींपैकी निम्म्या शेजारच्या हिंदी घरांतल्या होत्या.

एकाच घराच्या उंबऱ्याबाहेर एक खेळ आणि उंबऱ्याच्या आत दुसरा. बाहेरचा खेळ शेजाऱ्यांकडून शिकलेला, आतला शेजाऱ्यांना शिकवलेला. हे पाहताना आम्हाला आपल्या सीमाभागातील गावांची आठवण झाली. शेजारी राहणाऱ्या दोन भाषांचे काय करायचे, हा प्रश्न आपल्याला रोज पडतो. ग्वाल्हेरच्या मराठी माणसांना तो दोनशे वर्षे पडलेला आहे. त्यांचे काय झाले, काय टिकले आणि काय गेले, ते आपण समजून घेण्यासारखे आहे.

टेसू आणि झिंझी

टेसू हा ग्वाल्हेर, चंबळ, व्रज आणि बुंदेलखंड या मुलखातला मुलांचा खेळ. दसऱ्यापासून शरद पौर्णिमेपर्यंत, म्हणजे आपल्या कोजागिरीपर्यंत तो चालतो. मुलगे टेसू घेऊन दारोदार फिरतात. मुली झिंझी घेऊन फिरतात. झिंझी म्हणजे भोके पाडलेले मातीचे मडके. आत दिवा ठेवला की भोकांतून उजेड चहूकडे पडतो. टेसू मोठा हट्टी. दारात अडून बसतो आणि काही मिळाल्याशिवाय हलत नाही, असा त्याच्या गाण्यांचा थाट. गाण्यांना अर्थ असतोच असे नाही. एका ओळीत काही, दुसऱ्या ओळीत भलतेच. त्यातच पोरांची मजा.

टेसू कोण, याची कथाही ऐकण्यासारखी आहे. घटोत्कचाचा मुलगा बर्बरीक. श्रीकृष्णाने त्याचे शिर मागितले, तेव्हा भारती युद्ध पाहायची इच्छा त्याने बोलून दाखवली. म्हणून त्याचे शिर उंच जागी ठेवले. तेच शिर म्हणजे टेसू, असे तिकडे सांगतात. पौर्णिमेच्या रात्री टेसू आणि झिंझीचे लग्न लागते. मुलगे वरपक्षाचे, मुली वधूपक्षाच्या. जमलेल्या पैशांतून खाऊ येतो. लग्न लागले की टेसू आणि झिंझी दोघांचेही विसर्जन. टेसूचे लग्न लागल्यावरच माणसांच्या लग्नाचे मुहूर्त धरायचे, असा तिकडचा जुना समज आहे.

आता आपल्याकडे पाहा. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की आपल्या मुली हादगा मांडतात. पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती भाजणी. पुण्याकडे त्याचा भोंडला होतो. खानदेश-विदर्भात भुलाबाई-गुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. कानडी मुलखात भाद्रपदात बायका टोपलीत मातीचा जोकुमार घेऊन घरोघर गात फिरतात आणि सुपात धान्य घेतात. आश्विनी पौर्णिमेला आपण कोजागिरी म्हणतो, कानडी शेतकरी शीगी हुण्णिमे म्हणतो आणि ग्वाल्हेरवाले शरद पूनम. पीक उभे राहण्याचे दिवस, आकाश निवळलेले, चांदणे स्वच्छ. त्या दिवसांत पोराबाळांनी दारोदार गात फिरावे हे सगळीकडेच सुचले. भाषा तेवढी वेगळी.

कच्चा लिंबू

आम्ही आजींना विचारले, "हे टेसूचे तुमच्या घरात केव्हापासून?"

आजी मूळच्या कोल्हापूरकडच्या. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन ग्वाल्हेरला आल्या. त्या हसल्या.

"अहो, पहिल्या वर्षी मी थोरल्याला चांगला बदडला होता. म्हटलं, दारोदार पैसे मागत फिरतोस? लोक काय म्हणतील? तर शेजारची चाची धावत आली. म्हणाली, हा भीक नाही मागत, टेसूचं लग्न करतोय. तुमच्या घरचा पोरगा वऱ्हाडात नको का?"

"मग?"

"मग काय! पोराला गाणी कुठे येत होती? नुसता तोंड हलवायचा. आपल्याकडे कच्चा लिंबू म्हणतात ना, तसा. दोन वर्षांनी तोच टेसू धरून सगळ्यांच्या पुढे."

कच्चा लिंबू हा शब्द आपल्याकडे प्रत्येक गल्लीत आहे. ज्याला खेळ येत नाही, पण ज्याला खेळायची हौस आहे, त्याला आपण हाकलून देत नाही. त्याला कच्चा लिंबू करून डावात घेतो. तो धावतो, पडतो, चुकतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. खेळ पाहून पाहून तो शिकतो आणि एक दिवस पक्का भिडू होतो. परक्याचा खेळ शिकायची ही जगातली सर्वांत जुनी शाळा. तिथे पुस्तक नाही, परीक्षा नाही आणि चुकले म्हणून कोणी नापास करीत नाही.

त्या चाचीने पुढे आजींना झिंझीचे मडके रंगवायला शिकवले. तिच्या दोन मुली आजींच्या हादग्याला येऊ लागल्या. "खिरापत ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे," आजी सांगत होत्या. "डबा हलवला की आवाजावरून सांगायच्या. आणि नावं मराठीत घ्यायची असा माझा नियम होता. करंजीला गुजिया म्हटलं की मी डबा उघडायचीच नाही."

राज्य होते, तरीही

ग्वाल्हेरचा मराठी माणूस तिथे कसा गेला हे वाचकांना ठाऊक असेल. शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. राणोजी, महादजी यांच्या काळात उज्जैन हे त्यांचे मुख्य ठाणे होते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला आणि राजधानी तिथे आली. तळावर गाव वसले, म्हणून त्या भागाचे नावच लष्कर पडले. सरदार आले, शिलेदार आले, कारकून, भटजी, गवई, हलवाई आले. संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत तिथे मराठी घराण्याची गादी होती. शिंद्यांच्या दफ्तरात मोडी लिपीतील मराठी कागदांचे ढीग आहेत.

त्या काळाच्या खुणा आजही गल्लीबोळांच्या नावांत दिसतात. चिटणीसांची गोठ, निंबाळकरांची गोठ, पाटणकर बाजार, दाणाओळी. शहराच्या मुख्य चौकाचे नाव महाराज बाडा. हा बाडा म्हणजे आपला वाडाच. हिंदी तोंडात 'व'चा 'ब' झाला.

आपल्या भागाचे ग्वाल्हेरशी आणखी एक नाते आहे आणि तेही शिकण्याचेच. एकोणिसाव्या शतकात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोश्यांकडे गाणे शिकले आणि ती गायकी घेऊन दक्षिणेत परतले. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य. ख्यालाच्या चिजा व्रज-हिंदीतल्या. म्हणून बुवा मराठी राहिले नाहीत असे कोणी म्हटले का?

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ग्वाल्हेरात गादी मराठी होती, दफ्तर मराठी होते, सरदारांचे वाडे मराठी होते. तरीही वाड्याबाहेर पडलेल्या मराठी पोराला गल्लीत खेळायचे तर गल्लीच्याच भाषेत खेळावे लागले. लगोरीला तिकडे पिट्ठू किंवा सितोलिया म्हणतात, ते शिकावे लागले. आपल्याकडे ज्याच्यावर डाव येतो त्याच्यावर 'राज्य' येते. तिकडे तो 'दाम' देतो, तेही शिकावे लागले. राजाच्या हुकमाने दरबार चालतो, अंगणातला खेळ चालत नाही.

सत्ता असली की भाषा आपोआप टिकेल आणि सत्ता नसली की ती आपोआप बुडेल, असे आपण समजून चालतो. ग्वाल्हेरचा अनुभव वेगळे सांगतो. दरबारातले मराठी दरबाराबरोबर संपले. आज तिथे जे मराठी उरले आहे ते देवघरात, स्वयंपाकघरात, गणेशोत्सवात आणि आजींच्या या पाटाभोवती उरले आहे.

उसने आणलेली मोजणी

सीमाभागात कोणी म्हणेल, "अहो, दुसऱ्यांचे खेळ आमच्या पोरांनी शिकायचे म्हणजे आमचे होते ते घालवायचे!" ही भीती खोटी नाही. पण आपल्याच अंगणातला एक जुना खेळ या भीतीला उत्तर देतो. तो म्हणजे विटीदांडू.

विटी कोलल्यावर दांडूने अंतर मोजताना आपण काय म्हणतो? वकट, लेंड, मूंड, नाल. पुढचे शब्द गावागणिक बदलतात, पण हे चार बहुतेक ठिकाणी सारखे. प्रत्येक शब्दाला विटी मारायची तऱ्हा वेगळी. आपल्या आजोबा-पणजोबांनी हे शब्द शेकडो वेळा उच्चारले. ते मराठीचे नाहीत हे कधी कोणाच्या मनातही आले नाही. तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. कानडीत ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. आता पुन्हा एकदा वकट, लेंड, मूंड, नाल म्हणून पाहा. सीमाभागातल्या वाचकाला जास्त सांगायला नको.

म्हणजे कोणत्या तरी काळी, कोणत्या तरी गावच्या वेशीवर, मराठी पोरे आणि तेलुगू-कानडी मुलखातली पोरे एकत्र खेळली. मोजणी शेजाऱ्यांची होती, ती आपण उचलली. ती मुंबईपासून विदर्भापर्यंत गेली. तिने मराठीचे काही वाईट केले नाही. उलट ते शब्द इतके मराठी झाले की ते उसने आहेत हे सांगावे लागते. यासाठी कोणत्या सरकारने आदेश काढला नव्हता आणि कोणी फलकही लावला नव्हता.

याच्या उलट दुसरे उदाहरण घ्या. आपला हुतूतू. देशभर या खेळाला वेगवेगळी नावे होती. तमिळनाडूत चडुगुडू, बंगालात हाडुडू, उत्तरेत कबड्डी. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत खेळाला स्थान मिळाले आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. अभिमानाची गोष्ट. पण आज आपल्या गावातल्या पोराला हुतूतू म्हणजे काय असे विचारा. तो तोंडाकडे पाहील. खेळ जगला, नाव गेले. ते कोणी हिसकावून घेतले नाही. आपणच आपल्या मैदानात ते उच्चारायचे सोडले.

सक्ती आणि खेळ

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख सीमाभागात कोणाला सांगावी लागत नाही. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी आजचे मध्य प्रदेश राज्य झाले आणि ग्वाल्हेर त्यात गेले. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने त्याबद्दल गाऱ्हाणे केले नाही, कारण तो परमुलखात वसलेला होता हे त्याला ठाऊक होते. आपले तसे नाही. आपण कुठे जाऊन वसलो नाही. आपण होतो तिथेच राहिलो आणि हद्द सरकली. त्यामुळे आपले दुःख वेगळे आणि आपला लढाही वेगळा. १९८६ मध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला, त्याचे मोल कमी करण्याचे काही कारण नाही. सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा आजही निकालाची वाट पाहत आहे.

परंतु सक्तीला विरोध करता करता आपण एक चूक करतो. सक्तीने लादलेली भाषा आणि खेळता खेळता शिकलेली भाषा यांत आपण फरक करीत नाही. खेळात सक्ती चालतच नाही. रडवून खेळायला बसवलेले पोर डाव मोडते. जो खेळतो तो आपल्या खुशीने खेळतो. कानडी शेजाऱ्याच्या ओट्यावर आपली मुलगी चौकाबारा शिकली, चार आकडे कानडीत म्हणू लागली, जोकुमाराच्या टोपलीमागे दोन घरे फिरली, तर त्यात आपला पराभव नाही. तो त्या घरचा आपल्याला मिळालेला मान आहे.

पराभव आहे तो दुसरीकडे. कानडी शेजाऱ्याची मुलगी आपल्या हादग्याला यायला तयार आहे आणि आपल्या घरी हादगाच मांडलेला नाही, हा पराभव. आम्ही आजींना शेवटी विचारले, "टेसू आला म्हणून तुमचा हादगा मागे पडला का?"

"छे हो," त्या म्हणाल्या. "टेसू पाच दिवसांचा पाहुणा. तो काय नेणार? नाती पुण्याला गेल्या, बंगळुरूला गेल्या. इथे आहेत त्यांना शिकवणीचे वर्ग. आम्हीच फेर धरायचा सोडला. आता शेजारच्या मुली येतात म्हणून तरी पाट मांडते. गाणी वहीत लिहून दिलीत. त्या वाचून म्हणतात. 'ळ' आला की अडखळतात, मग मी पुढे म्हणते."

आजींनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. पण ऐकताना आमच्या पोटात कालवले. ज्या घरात एकेकाळी शेजाऱ्याची मुलगी कच्चा लिंबू होती, त्या घरात आज घरचीच मुले कच्चा लिंबू झाली आहेत. आपल्या गावांत हे होऊ द्यायचे का?

काय करता येईल?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण सर्वांनी आनंद केला आणि तो रास्तच होता. पण अभिजात दर्जाने अंगणात पाट मांडला जात नाही. ते काम आपल्याच हातचे आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

पहिली गोष्ट. दर वर्षी २७ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात जातो. त्या दिवसापासून प्रत्येक गल्लीत एका तरी घरी हादगा मांडावा. व्यासपीठावर नको, बक्षिसे नकोत, ध्वनिक्षेपक नको. अंगणात मांडावा. ज्या आजींना गाणी येतात त्यांनी म्हणावीत, मुलींनी मागून म्हणावीत. कागद हातात देऊ नये.

दुसरी गोष्ट. शेजारच्या कानडी, उर्दू, कोकणी घरांतल्या मुलींना आवर्जून बोलवावे. त्यांच्यासाठी गाण्यांचे भाषांतर करू नये. त्यांना कच्चा लिंबू करून फेरात घ्यावे. खिरापत मात्र मराठीत ओळखायची, हा ग्वाल्हेरच्या आजींचा नियम आपणही पाळावा. डबा उघडायचा असेल तर पोरे कोणतीही भाषा शिकतात.

तिसरी गोष्ट. आपल्या मुलांनाही त्यांच्या अंगणात जाऊ द्यावे. तिथे ती कच्चा लिंबू होतील. होऊ द्यावीत. त्यांचे खेळ त्यांच्या शब्दांत शिकू द्यावेत. आपण त्यांच्या अंगणात गेलोच नाही, तर त्यांनी आपल्या अंगणात का यावे?

चौथी गोष्ट मराठी शाळांच्या गुरुजींसाठी. मुलांना एक काम द्यावे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून खेळांचे शब्द लिहून आणायचे. भिडू, डाव, राज्य, कोलणे, लगोरी, हुतूतू. प्रत्येक गावाची यादी थोडी वेगळी निघेल. वकट, लेंड, मूंडच्या पुढचे शब्द आपल्या गावात काय होते, हे सांगणारी माणसे अजून आहेत. दहा वर्षांनी असतील का, हे कोणी सांगावे?

ग्वाल्हेर सोडण्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्या नऊ वर्षांच्या नातवाला विटीदांडू खेळायला घेऊन गेलो. गुल्ली-डंडा त्याला चांगला येत होता. दांडूने अंतर मोजताना आम्ही म्हटले, "असं नाही, आपल्याकडे वकट, लेंड, मूंड, नाल म्हणतात." त्याला ते फार आवडले. दोन-तीनदा म्हणून पाहिले, हसला आणि मग त्याने विचारले, "काका, हे मराठी आहे का?"

आम्ही म्हटले, "आहे मराठीच. पण आणलंय शेजाऱ्यांकडून."

"म्हणजे आपला टेसूच!" तो म्हणाला आणि विटी कोलायला पळाला.

संध्याकाळी दाराशी पुन्हा पोरांचा गलका झाला. या वेळी टेसूच्या गाण्याच्या मध्येच कोणी तरी वकट, लेंड, मूंड असे ओरडत होते, आणि आवाज एकट्या नातवाचा नव्हता. गल्लीतली सगळीच पोरे ओरडत होती.

यंदा हस्त लागेल तेव्हा आपल्याही अंगणात पाट मांडला जावा आणि शेजारच्या दाराची कडी वाजवून त्यांच्या मुलींना हाक मारली जावी, एवढीच सीमाभागातील आयाबहिणींना आमची विनंती.